कुठल्या पानावर?

रात्री साडेअकराला फोन वाजला की आमच्या वयात आधी छातीत धस्स होतं. फोन भाचीचा होता. तिच्याकडे सकाळ.

"मावशी, 'जेवूनच जा' आणि 'जेवून जाच' यांत फरक काय गं?"

"सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. फरक सांग."

मी तालुक्याच्या एका कॉलेजात ३१ वर्षं मराठी शिकवलं. 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय, हे मी झोपेतही सांगू शकते. तेच सांगितलं. "ते नाव झालं," ती म्हणाली, "फरक?"

मग मात्र उठून बसावं लागलं. 'जेवूनच जा' हे आपण दारात चपला घालणाऱ्या पाहुण्याला म्हणतो. जायचंय तर जा बाबा, पण उपाशी नको. 'जेवून जाच' ज्याला म्हणायचं तो अजून आलेलाच नसतो. रस्त्यात भेटतो, आणि आपण म्हणतो, एकदा या घरी, जेवून जाच. एका 'च'नं इकडून तिकडे उडी मारली आणि पाहुणा उंबऱ्यातून उठून थेट रस्त्यावर गेला. ३१ वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही कुणाला विचारलं नव्हतं.

भाची तेव्हा अमेरिकेत, पोर्टलंडच्या रीड कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. विषय भाषाविज्ञान. तिथे पदवी हवी तर प्रत्येकाला, रसायनवाल्याला आणि नाटकवाल्यालाही, वर्षभर खपून प्रबंध लिहावा लागतो. बी.ए.ला! हिचा प्रबंध मराठीतल्या 'च'वर. एका अक्षरासाठी एक वर्ष. माझ्या बहिणीनं ही बातमी ठाण्याच्या त्यांच्या सोसायटीत कुणाला सांगितलेली नव्हती. "मुलगी काय करते?" या प्रश्नाला ती "रिसर्च" एवढंच म्हणायची.

"रीड म्हणजे स्टीव्ह जॉब्जचं ना?" हे मात्र सगळे विचारायचे. त्यांचंच, पण ते तिथे टिकले नाहीत. १९७२ मध्ये दाखल झाले आणि एका सत्रात नाव काढून घेतलं. नंतर तिथेच रेंगाळत सुलेखनाच्या वर्गात जाऊन बसायचे, आणि दर रविवारी सात मैल चालत हरे कृष्ण मंदिरात पोटभर जेवायला जायचे. हे त्यांनीच २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलं. सोडून गेलेल्या पोराच्या नावानं कॉलेज ओळखलं जावं, हे आपल्याकडे कुठल्या प्राचार्यांना सोसलं असतं कोण जाणे.

प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यात बहिणीला रजा मिळेना, म्हणून मी गेले. निवृत्त माणसाला कुठेही पाठवता येतं.

एप्रिलचा पोर्टलंडचा पाऊस आपल्या पावसासारखा कोसळत नाही. तो दिवसभर नुसता झिरपत असतो, आणि छत्री उघडणारी मी एकटीच. लाल विटांच्या इमारती, मोठाली झाडं, आणि कॉलेजच्या मधोमध एक घळ. घळीत झऱ्याच्या पाण्याचं तळं, त्यात बदकं, काठावर बगळा ध्यान लावून. विद्यार्थी सगळे मिळून दीड हजाराच्या आत-बाहेर. आमच्या कॉलेजात नुसत्या अकरावी-बारावीला याहून जास्त होते. एका इमारतीत अणुभट्टी आहे, छोटी, १९६८ पासूनची, आणि ती चालवतात विद्यार्थीच. सरकारी परवान्याची परीक्षा देऊन. त्यांत इंग्रजी नि तत्त्वज्ञान शिकणारीही असतात, असं भाचीनं रेशनचं दुकान दाखवावं तसं सांगितलं.

कॉलेजची स्थापना १९०८ ची, पण वर्ग भरले १९११ मध्ये. हे तिथल्या एका पाटीपाशी कळलं आणि मी थबकले. १९११ म्हणजे मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' निघालं ते वर्ष. केशवसुतांचे भाऊ ते. भाचीच्या टेबलावर तो जाडजूड ग्रंथ होता, पिवळ्या चिठ्ठ्यांनी फुललेला. माझ्याकडेही आहे. माझ्याकडचा स्वच्छ आहे.

एक दिवस तिनं परवानगी काढून मला पहिल्या वर्षाच्या एका तासाला बसवलं. याला ते 'कॉन्फरन्स' म्हणतात. नाव ऐकून मी साडी नेसून गेले होते. एक लांबट टेबल, भोवती पंधरा-सोळा पोरं. कुणाचे केस हिरवे, कुणी अनवाणी, एक मुलगी चक्क स्वेटर विणत होती. प्राध्यापक कोणते ते मला पाच मिनिटं कळलं नाही, कारण व्यासपीठच नव्हतं. टेबलाच्या एका कडेला एक गृहस्थ सगळ्यांसारखंच पुस्तक उघडून बसले होते, तेच ते.

पहिल्या वर्षी सगळ्यांना एकच मोठा विषय सक्तीचा असतो, 'ह्यूमॅनिटीज ११०'. पूर्वी त्यात मुख्यतः ग्रीस-रोम होतं. २०१६ पासून विद्यार्थी फलक घेऊन व्याख्यानांच्या सभागृहातच बसू लागले, की जगाची ओळख एवढ्यावरच कशी संपते? बरीच कडवट भांडणं झाली. काही प्राध्यापकांना तो प्रकार खुपला, काहींना पटला. शेवटी अभ्यासक्रम बदलला. मी गेले तेव्हा भूमध्य समुद्राकाठच्या प्राचीन जगानंतर मेक्सिको सिटी आणि न्यूयॉर्कचं हार्लेम येत होतं. आमच्याकडे अभ्यासक्रम बदलला हे मला नेहमी पुस्तकविक्रेत्याकडून कळायचं.

त्या दिवशी हार्लेममधल्या एका कादंबरीवर बोलणं चाललं होतं. एक मुलगा तावातावानं म्हणाला, या बाईला स्वतःची लाज वाटते. गृहस्थांनी मान वर केली.

"कुठल्या पानावर?"

एवढंच. मुलानं पानं चाळली. सगळ्यांनी चाळली. कुणी बोलेना. मी मनात सेकंद मोजू लागले, कारण वर्गातली शांतता मला सहन होत नाही. आमच्याकडे वर्ग गप्प झाला की एक तर प्राचार्य दारात असतात नाही तर प्रश्न अवघड झालेला असतो, आणि दोन्ही वेळा शिक्षकानंच बोलायचं असतं. माझ्या तोंडात उत्तर आलंसुद्धा, कादंबरी न वाचता. गृहस्थ मात्र शांत. पाऊण-एक मिनिटानं विणणारी मुलगी सुया खाली ठेवून म्हणाली की एक पान सापडलंय, पण तिथे लाज नाही, भीती आहे. मुलगा म्हणाला, थांब, वाच ते. तिनं वाचलं. मग लाज आणि भीती यांच्यावर वीस मिनिटं जुंपली. आपल्या जुन्या शास्त्र्यांच्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची आठवण व्हावी अशी, फक्त इथे पक्ष मधेच बदलायला मुभा होती. तो मुलगा शेवटी भीतीच्या बाजूनं बोलत होता. गृहस्थ तासाभरात जेमतेम सहा-सात वाक्यं बोलले असतील. त्यांतली तीन 'कुठल्या पानावर?' होती.

बाहेर आल्यावर मी भाचीला म्हटलं, "यांना पगार कशाचा देतात?" ती हसली. मीही हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी ३१ वर्षं बोलत होते. चांगलं बोलत होते, मुलं म्हणायची तसं. टिपणं उतरवून देत होते, आणि पोरं ती परीक्षेत मला परत देत होती. माझीच वाक्यं माझ्याकडे, स्वल्पविरामासकट. मी त्यांना सत्तरपैकी पंचावन्न द्यायची.

गुणांचंही तिथे वेगळंच. श्रेणी देतात, नोंदवतात, पण 'सी' किंवा त्याच्या वर असेल तर आपण होऊन कळवत नाहीत. हवी तर विचारा. भाचीनं चार वर्षांत एकदाच विचारली, तीही पुढच्या अर्जासाठी लागली म्हणून. निबंध परत येतो तो शेऱ्यांसकट, कधी कधी निबंधापेक्षा शेरा लांब. कॉलेजांची क्रमवारी लावणाऱ्या मासिकाला माहिती पुरवणं या लोकांनी १९९५ मध्ये बंद केलं. आमच्याकडे मूल्यांकनाची समिती यायची त्या आठवड्यात कुंड्या भाड्यानं यायच्या, हे लिहायला हरकत नसावी. कॉलेजचं नाव सांगत नाही.

आणि परीक्षेला पर्यवेक्षक नाही. प्रश्नपत्रिका घेऊन मुलं खोलीवर जातात, ग्रंथालयात जातात, सांगितलेल्या वेळात लिहून आणून देतात. सचोटीचं एक तत्त्व आहे, त्यावर सगळं चालतं. मी आयुष्यभर भरारी पथकं पाहिलेली बाई. मुलींच्या कंपासपेट्या उघडून बघितल्यात मी, स्वच्छतागृहाच्या खिडकीतून पडलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्यात. "आणि कुणी बघून लिहिलं तर?" मी विचारलं. भाची विचारात पडली. "लिहीत असतील कुणी कुणी. पण मावशी, प्रश्नच असा असतो की बघून काय लिहिणार?"

सगळं गोडच होतं असं नाही. ग्रंथालयात रात्री दोन वाजता गेले (हट्टानं, बघायला म्हणून), तर शेवटच्या वर्षाच्या प्रत्येकाला दिलेल्या टेबलांपैकी निम्मी भरलेली. कुणी डोकं टेकून झोपलेलं, कुणी पायांत लोकरीचे मोजे घालून बिस्किटांवर जगणारं. भाचीचे डोळे खोल गेले होते. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आपापल्या विभागाची एक पात्रता परीक्षा असते, ती पार केल्याशिवाय प्रबंधाला हात लावता येत नाही. तिच्या दोन मैत्रिणी त्याच्या आतच कॉलेज सोडून गेल्या होत्या. एकीला अभ्यास झेपला नाही, दुसरीला एकटेपण. वर्षाची फी तेव्हा ६० हजार डॉलरच्या वर. हिला कॉलेजनं बरीचशी माफ केली म्हणून आम्ही हे बघू शकलो. दहाएक मुलांमागे एक शिक्षक ठेवायचा तर पैसा लागतो, आणि तो कुणाच्या तरी खिशातूनच येतो. माझ्या वर्गात १२० नावं होती. १२० जणांना 'कुठल्या पानावर?' विचारून बघावं कुणी. पुस्तक तरी किती जणांकडे होतं? ही सबब नाही. पण हेही खरं आहे.

तर ग्रंथालयातल्या तिच्या त्या टेबलावर तिनं मला मार्गदर्शकांनी तपासलेला मसुदा दाखवला. मार्गदर्शक बाईंना मराठीचं अक्षर येत नव्हतं. प्रत्येक उदाहरणाखाली भाचीनं शब्दाला शब्द अर्थ दिलेला, त्यावर त्या चालत होत्या. आणि पेन्सिलीच्या खुणा? पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. कुठे 'कशावरून?', कुठे 'हे आधी का नाही सांगितलंस?', एके ठिकाणी नुसतं 'वा'. एका पानावर दोन उदाहरणांना बाण काढून जोडलं होतं: 'त्याच्याच बरोबर गेले' आणि 'त्याच्याबरोबरच गेले'. खाली लिहिलं होतं, इथे हे अक्षर दोन तुकड्यांच्या मधे शिरलं आहे आणि तिथे शेवटी बसलं आहे. अर्थ बदलतो का? ही भाषा बोलणाऱ्या कुणाला विचारलंस?

"विचारते आहे," भाची म्हणाली आणि ध्वनिमुद्रक चालू केला. मी दोन्ही वाक्यं म्हणून बघितली. पुन्हा म्हणून बघितली. 'त्याच्याच बरोबर' म्हणजे दुसऱ्या कुणाबरोबर नाही, तो आणि तोच. 'त्याच्याबरोबरच' म्हणजे तेही असेल, पण तो निघाला त्या घटकेला, पाठोपाठसुद्धा नाही, असंही असेल. मी शेजारच्या टेबलावरच्या पोराला त्रास होईल इतक्या मोठ्यानं म्हणत होते. मराठी न येणाऱ्या एका बाईनं पेन्सिलीचा बाण काढला नसता, तर हा फरक माझ्या जिभेवर जन्मभर असून मला दिसला नसता.

मीही प्रबंध लिहिला होता. १९८७ मध्ये, एम.फिल.चा, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'वर. दोन वर्षं रात्री जागून लिहिला. धाकटा तेव्हा सहा महिन्यांचा होता. टंकलेखकाला पानामागे पैसे मोजले, रेक्झिनच्या बांधणीवर सोनेरी अक्षरं घातली. तोंडी परीक्षा बारा मिनिटं चालली, त्यांतली आठ चहाची. बाहेरून आलेल्या परीक्षकांची गाडी होती. त्यांनी प्रबंध उघडला तेव्हा बांधणीचा करकर आवाज आला. नव्या चपलेचा येतो तसा. मला त्या आवाजावरूनच कळलं. "छान झालंय, पुढे पीएच.डी. करा," ते म्हणाले. त्यांना दोष देऊ कशी? पुढे परीक्षक म्हणून मी गेले तेव्हा मलाही गाडी असायची.

एप्रिलच्या शेवटी एका शुक्रवारी सगळे प्रबंध दाखल झाले. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून रजिस्ट्रारच्या कचेरीपर्यंत मिरवणूक. ढोल, रंगीत कागदाचे कपटे, फेसाळत्या दारूचे फवारे, डोक्यावर पानांचे मुकुट. पायऱ्यांपाशी आग पेटवून पोरं त्यात जुने मसुदे टाकत होती. कागदाला पाय लागला तर नमस्कार करणारी मी, मला ते बघवेना. भाचीनं तिचा एक मसुदा माझ्या हातात दिला, पेन्सिलीच्या खुणांचा. "हा जाळत नाही. तुला." मी तो पदराखाली घेतला. पाऊस होता.

पुढच्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा. चार प्राध्यापक, त्यांतला एक पार वेगळ्या विषयाचा. मी बाहेर बाकावर डब्यात लाडू घेऊन. अर्धा तास झाला, तास झाला. सव्वा तासानं आतून हसण्याचा आवाज आला आणि मी रामरक्षा थांबवली. जवळजवळ दोन तासांनी दार उघडलं. भाची बाहेर आली ती दमून लाल झालेली, आणि पहिलं वाक्य म्हणाली, "मावशी, तो दुसऱ्या विषयाचा माणूस आहे ना, त्यानं पान ६३ वरची तळटीप वाचली होती."

लाडू सगळ्यांनी खाल्ले. मार्गदर्शक बाईंनी दोन खाल्ले आणि मला हळूच विचारलं, "'आणखी एक घ्याच' हे बरोबर आहे का?" मी म्हटलं, अगदी बरोबर, फक्त ते मी म्हणायचं.

प्रत्येक प्रबंधाची प्रत ग्रंथालयाच्या एका मनोऱ्यात कायमची ठेवतात. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी तिथे गेलो. दशकांमागून दशकं, काळ्या-तांबड्या पाठी. गॅरी स्नायडर या कवीचा १९५१ चा प्रबंध यांतलाच. हैदा आदिवासींच्या एका मिथकावरचा. कवी पुढे जपानात राहिला, १९६२ मध्ये गिन्सबर्ग या दुसऱ्या कवीबरोबर भारतात हिंडला, आणि १९७९ मध्ये तो बी.ए.चा प्रबंध पुस्तक म्हणून निघाला. बाकीच्या बहुतेकांचे निघाले नाहीत. पण मी सहज काढलेल्या चार-पाच प्रबंधांत एकाचीही बांधणी करकरली नाही.

"तुझा कुठे आहे गं?" भाचीनं विचारलं.

"माळ्यावर."

"पाठव मला."

मी टाळलं. एवढं काही नाही त्यात म्हटलं, जुना झाला म्हटलं. मग परत आल्यावर मुलाला माळ्यावर चढवलं, धूळ झटकली आणि कुरिअरनं पाठवला. प्रबंधापेक्षा कुरिअर महाग पडलं.

तीन आठवड्यांनी ईमेल आली. चौदा प्रश्न होते. दोन टंकलेखनाच्या चुका होत्या, तीन ठिकाणी 'वा' होतं. सातवा प्रश्न असा: "पान ४१. लक्ष्मीबाईंचा विनोद त्यांच्या दुःखातून जन्माला येतो, असं तू लिहिलंस. कुठल्या पानावर दिसलं तुला हे?"

ते वाक्य मी कुठल्याशा समीक्षकाचं वाचून लिहिलं होतं. पुस्तकात शोधलं नव्हतं. 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला काढलं आहे. बाकीच्या तेरा प्रश्नांची उत्तरं पाठवली. सातव्याचं अजून पाठवलेलं नाही.